कुठे दुखतंय ते सांगा

आमच्या विभागात माणसं दोनच, सर आणि मी, आणि त्यातल्या एकाला 'मन' हा शब्द चालत नसे. विभाग तत्त्वज्ञानाचा. म्हणजे स्वयंपाकघरात मीठ या शब्दाला बंदी असावी, तशी आमची गत. बरं, मराठीत हा शब्द टाळायचा म्हणजे तोंड शिवूनच बसायला हवं. मनात आलं, मनावर घेतलं, मन लागत नाही, मनाला लागलं, मनमोकळं बोललो, मनस्ताप झाला. यातलं काहीही बोलताना निसटलं की सर हातातलं काम खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि कमालीच्या नम्र आवाजात विचारायचे, "म्हणजे नक्की कुठे?"

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हणाले होते, "सर, मला हा विषय अगदी मनापासून आवडतो."

"कुठल्या अवयवापासून?"

मला वाटलं, गंमत करताहेत. मी हसले. ते हसले नाहीत. पेनाला टोपण लावून उत्तराची वाट पाहत बसले. शेवटी मी चाचरत म्हणाले, "मेंदूपासून."

"मग तसं म्हणावं, बाई. कष्ट त्याने करायचे आणि नाव दुसऱ्याचं, हे बरं नाही."

मी तेव्हा सदाशिव पेठेत एक खोली घेऊन राहत होते. त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं की वर्षभरात दुसरं कॉलेज बघायचं. ते काही झालं नाही. त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीत मी नोकरीची सगळी उमेदीची वर्षं काढली, आणि त्यातली निम्मी तरी दात-ओठ खात काढली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: देह आहे, आणि देहच आहे. त्याच्या आत बसून सूत्रं हलवणारं दुसरं कोणी नाही. भीती म्हणजे छातीतली धडधड, राग म्हणजे कानशिलं तापणं, प्रेम म्हणजे भूक मंदावणं. हे सगळं बाजूला काढलं तर मागे काय उरतं ते दाखवा, मी त्याला मन म्हणायला तयार आहे. मी उलट पक्षाची. देह आणि मन हा पेपर आम्ही वाटून शिकवायचो. पहिली सहामाही ते शिकवत आणि मनाचा पार निकाल लावून टाकत, दुसऱ्या सहामाहीत मी ते परत जिवंत करायला जात असे. त्यात सर माझ्या तासाला शेवटच्या बाकावर येऊन बसायचे. मुलं त्यांच्याकडे वळून वळून बघायची. मी म्हणायचे, "समजा, मला हात वर करावासा वाटला आणि हात वर झाला," आणि मागून आवाज यायचा, "मधे कोण होतं, बाई?" तास संपेपर्यंत मला पुन्हा सूर सापडत नसे.

विभागाच्या कपाटात सांख्य आणि वेदान्ताच्या पुस्तकांशेजारी त्यांनी रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र ठेवलं होतं. खालच्या कप्प्यात थर्मामीटर, गुळाचा डबा आणि शेंगदाणे. विभागात येणाऱ्या प्रत्येकाचा ते दाब मोजत. वाद रंगात आला की माझं मनगट धरून घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "तुमचा आत्मा ब्याण्णववर गेलाय. जरा गूळ खा, म्हणजे ब्रह्म सत्य वाटेनासं होईल." आता अशा माणसाशी काय बोलणार?

एकदा बी.ए.ची एक मुलगी विभागात येऊन रडायला लागली. तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, समजुतीच्या चार गोष्टी सांगत होते. सर उठले, तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि विचारलं, "कुठे दुखतंय ते सांगा."

मुलगी हुंदके देत म्हणाली, "कुठेच नाही, सर."

"असं होत नाही. सकाळपासून काय खाल्लंत?"

तिने काहीच खाल्लं नव्हतं. सरांनी कॅन्टीनमधून पोहे मागवले. "रिकाम्या पोटी जगाचा शेवट झाल्यासारखं वाटतंच. आधी हे खा. मग खरंच झालाय का ते बघू." तिने पोहे खाल्ले. वर चहा घेतला. डोळे पुसले आणि म्हणाली, "मुलगा तसा मला पण फारसा आवडला नव्हता." आणि गेली. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

समारंभांत त्यांना नेणं म्हणजे जोखीम. आमच्या ऑफिसातले एक हेडक्लार्क निवृत्त झाले, तेव्हा प्राचार्य म्हणाले, "आम्ही त्यांचे मनःपूर्वक आभार मानतो." पहिल्या रांगेतून सर म्हणाले, "पुरावा काय?" सभागृह हसलं, हेडक्लार्क बिचारे रडवेले झाले. त्यानंतर सरांना पहिल्या रांगेत बसवायचं नाही, असा अलिखित नियमच झाला. सर पुढे वारले तेव्हा कॉलेजात शोकसभा झाली, आणि ज्याला त्याला बोलताना ठेच लागत होती. 'त्यांचं मन फार' इथपर्यंत येऊन वक्ते थांबायचे आणि नकळत मागच्या रांगांकडे बघायचे. माणूस जाऊनही लोकांना धड बोलू देत नव्हता.

पण मला सांगायचंय ते काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, आजारपणाचं.

सर कर्वेनगरला राहायचे. तेव्हा तिथे सोसायट्या नुकत्या उभ्या राहत होत्या, मागच्या गॅलरीतून ज्वारीची शेतं दिसायची आणि शेतवाल्यांच्या घरची बाई पाटीतून ताजी मेथी दारात आणून द्यायची. घरात सर, काकू आणि काकूंची धाकटी बहीण कुमुद. कुमुदताईंनी लग्न केलं नव्हतं. त्या मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि सरांचं लग्न झाल्यापासून बहिणीकडेच राहत होत्या. सरांना गप्प करू शकणारी ती एकमेव व्यक्ती. सर 'कुठल्या अवयवापासून' म्हणाले की त्या ब्रश न थांबवता म्हणायच्या, "भावोजी, तुमची जीभ कुठल्या अवयवाला जोडलीय तेवढं एकदा तपासून घ्या. डोक्याला तर नाही दिसत." काकू स्वयंपाकघरातून हसायच्या. सरही खुशीत यायचे. त्या दोघांची भांडणं ऐकायला मी रविवारी लूना काढून मुद्दाम कर्वेनगरला जात असे.

एका थंडीत कुमुदताई गेल्या. सकाळी शाळेत जायला निघाल्या, चपला घालता घालता कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोचले तेव्हा काकूंचा आवाज जिन्याखालपर्यंत येत होता. तसं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. अख्खी बिल्डिंग दारात उभी होती.

भेटायला येणारे लोक काकूंना म्हणायचे, "मन घट्ट करा." सर कोपऱ्यातून म्हणायचे, "पाणी प्यायला सांगा. ते जास्त उपयोगी आहे." काही जण त्यावर पुन्हा आलेच नाहीत. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "सर, निदान आज तरी." ते म्हणाले, "आज तर जास्तच. ती सकाळपासून घोटभर पाणी प्यायलेली नाही, आणि हे सगळे तिला काहीतरी घट्ट करायला सांगताहेत."

पुढचे काही महिने काकू खचतच गेल्या. कुमुदताईंच्या खोलीत पडून राहायच्या. जेवण तुटलं, पातळ झाल्या, उभं राहिलं की भिंतीचा आधार घ्यायच्या. बोलणं कमी, हसणं नाहीच. कोणाच्याही मते यात न समजण्यासारखं काही नव्हतं. पाठची बहीण गेली होती. फॅमिली डॉक्टरांनी तपासलं आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लागलंय हो. वेळ जाऊ द्या."

"मन कुठून तपासलंत?" सरांनी विचारलं.

"सर, हा तुमचा वर्ग नाही."

"म्हणूनच विचारतोय. वर्गात मी माफ केलं असतं."

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवसापासून त्यांना बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवायला सुरुवात केली. मग कोणाच्या तरी आग्रहाने एका मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं. त्याने गोळ्या दिल्या, त्या घेऊन काकू दिवसभर झोपू लागल्या. नातेवाइकांनी हवापालट सुचवला, एकांनी कोणा महाराजांचं नाव सुचवलं. सर सगळ्यांशी भांडले. लोक म्हणू लागले, याला बायकोचं दुःखही कळत नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. शोक करणाऱ्या बाईला हा माणूस रोज सकाळी आधी झोपवून आणि मग उभं करून रक्तदाब मोजायचा. जिभेवर टॉर्च मारायचा. काकू एकदा मला म्हणाल्या, "यांना सांग गं, मी माणूस आहे. यांची प्रयोगशाळा नाही."

मी सांगितलं. त्यावर सर मला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि लोणच्याची बरणी दाखवली. तळाशी नुसत्या फोडी होत्या, खार संपलेला होता.

"ही खार पिते. वाटीने. आणि नुसतं मीठ चाटते, मी बघितलंय."

"तोंडाला चव नसेल, सर. दुःखात असं होतं."

"होत असेल. पण दुःखाला मीठ कशाला लागेल, बाई?"

दुसऱ्या एका रविवारी गेले, तर ते काकूंचा हात खिडकीच्या उजेडात धरून तळव्यावर वाकले होते.

"सर, आता हात बघायला लागलात?" मी म्हणाले. मला आनंदच झाला होता.

"तेच करतोय. या रेषा बघा."

रेषा काळ्या दिसत होत्या, शाई भरल्यासारख्या. काकूंचा चेहराही त्या उन्हाळ्यात काळवंडला होता. त्याबद्दल सगळे हळहळायचे, दुःखाने कशी काळी पडली म्हणून.

"दुःखाने माणूस काळा पडत नाही," सर म्हणाले. "त्याला ऊन लागतं. आणि ही घराबाहेर पडलेली नाही."

"अहो, पुरे झालं," काकू हात सोडवून घेत म्हणाल्या. "माझी बहीण गेलीय. तुम्हाला एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही?"

सर म्हणाले, "कळते. पण त्याशिवाय आणखी काहीतरी आहे."

काकू भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी त्या दिवशी चहा न घेता परत आले.

मे महिन्यात एका सकाळी काकूंना उलट्या सुरू झाल्या आणि त्या न्हाणीघरात पडल्या. सरांचा फोन सोसायटीच्या ऑफिसातून माझ्या घरमालकांकडे आला. मी हॉस्पिटलात पोचले, तेव्हा काकूंना शुद्ध नव्हती आणि सर तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंची वाट अडवून उभे होते. मीठ, रेषा, रंग, झोपल्यावरचा दाब, उभं राहिल्यावरचा दाब, सगळं एका दमात सांगत होते. मला लाज वाटली. वाटलं, आता ही बाई यांना बाहेर काढणार. तिने काढलं नाही. ती ऐकत राहिली, मग आत गेली, काकूंचा ओठ बोटाने उलटा करून काळपट पडलेल्या हिरड्या बघितल्या आणि नर्सला काहीतरी भराभर सांगितलं. सलाईन लागलं, एक इंजेक्शन दिलं.

संध्याकाळी तिने आम्हाला समजावून सांगितलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. काकूंच्या त्या निकामी झाल्या होत्या, बहुधा पूर्वी कधीतरी अंगातून गेलेल्या क्षयामुळे. अंगात मीठ टिकत नाही, दाब पडतो, कातडी काळी होते, माणूस विझत जातो. आता रोज गोळी घ्यायची, जन्मभर. "ही गोळी चुकवायची नाही," ती म्हणाली. "बाकी काही विसरलात तरी चालेल. ही चुकली तर जिवावर बेतेल."

तीन-चार दिवसांत काकू उठून बसल्या आणि हॉस्पिटलच्या चहाला नावं ठेवू लागल्या. महिनाभरात गालावर मांस आलं. सगळ्यांना आनंद झाला, फक्त सरांचं काही बघवेना. बरोबर ठरलेला माणूस किती असह्य होऊ शकतो ते मी त्या महिन्यात बघितलं. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत त्यांनी प्रत्येकाला गाठून ग्रंथी समजावली. फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात मुद्दाम जाऊन बाकावर बसले, आणि नंबर आल्यावर आत जाऊन फक्त "नमस्कार" म्हणून परत आले.

एका रविवारी मी मोसंबी घेऊन त्यांच्याकडे गेले. काकूंनी स्वतः चहा केला होता. सर मला म्हणाले, "लिहून घ्या, बाई, पुढच्या सहामाहीत शिकवायला उपयोगी पडेल. माणसाला मन असतं. एक नाही, दोन असतात, आणि ती मूत्रपिंडावर बसतात. मनाला लागलंय म्हणे!"

काकूंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे मला कुमुदचं दुःख झालंच नव्हतं?"

"झालं होतं की. पण..."

"पण ग्रंथी."

"अगं, तसं नाही. शास्त्रीयदृष्ट्या..."

काकू उठून आत गेल्या. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत, चाल किती सुधारलीय?" माझ्या हातात मोसंब्यांची पिशवी होती. ती मी त्यांच्या डोक्यात घातली नाही.

त्यानंतर आठवड्याभराने सर विभागात आले आणि कोट न काढता खुर्चीत बसले. मग म्हणाले, "बाई, ती गोळ्या घेत नाहीये."

मला आधी कळलंच नाही.

"दाब उतरायला लागला म्हणून शोधलं. गॅलरीतल्या कुंडीत टाकत होती. शेवंतीच्या."

"मग तुम्ही बोललात?"

"बोललो. पुन्हा सगळी ग्रंथी समजावली. आकृती काढून दाखवली."

"आकृती?" माझा आवाज चढला. "सर, आकृती?"

"मग आणखी काय दाखवणार?" ते टेबलाकडे बघत होते. "तुम्ही येता का? ते... ते तुमच्या विषयातलं आहे."

मी तिसऱ्या तासाला सुट्टी घेतली आणि गेले. काकू कुमुदताईंच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. भिंतीला टेकवलेली चित्रं तशीच होती, टेबलावर सुकलेले ब्रश. त्यांचा चेहरा पुन्हा ओढलेला दिसत होता. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "परवा मी आमटीला फोडणी देत होते आणि गुणगुणत होते. माझं मलाच ऐकू आलं. मग लक्षात आलं की सकाळपासून मला तिची आठवणच झाली नव्हती. अगं, तिला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. एवढुशी गोळी, आणि तिने माझी बहीण पुसून टाकली. मग इतके महिने जे होतं ते काय होतं? माझं होतं का नव्हतं?"

"काकू, पण गोळी नाही घेतली तर..."

"ठाऊक आहे. आकृती बघितलीय मी."

मला जे येत होतं तेच मी केलं. वर्षानुवर्षं दुसऱ्या सहामाहीत शिकवते ते सांगितलं. देह वेगळा, मन वेगळं. ग्रंथी देहाची, दुःख मनाचं. गोळी देहासाठी आहे, ती तुमच्या दुःखाला हात लावू शकत नाही. ते तुमचंच होतं आणि आहे. मी बरं बोलले असं मला वाटलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पोटात गेलेली गोळी तिकडे पोचली कशी?"

हा प्रश्न दरवर्षी एखादा मुलगा विचारायचा, आणि दरवर्षी तास संपायचा. इथे घंटा होणार नव्हती.

सर दाराशी उभे होते. एका हातात फुलपात्र, दुसऱ्या तळहातावर गोळी. आत आले आणि कुमुदताईंच्या चित्रं काढायच्या स्टुलावर बसले.

"तुम्ही बाहेर जा," काकू म्हणाल्या.

"जातो. एक सांगायचंय."

"ग्रंथी नको."

"नाही." ते फुलपात्रातल्या पाण्याकडे बघत म्हणाले, "तू रडत नव्हतीस."

काकूंनी वर बघितलं. मला वाटलं, झालं, आता या माणसाने सगळं संपवलं.

"कुमुद गेली त्या दिवशी रडलीस. त्यानंतर एकदाही नाही. मी बघत होतो ना रोज. तू पडून असायचीस. लोक म्हणायचे दुःख करतेय, पण तू काही करत नव्हतीस. तुझ्यात काही करायला शिल्लकच नव्हतं. डोळ्यांत पाणी यायचं नाही. बशी उचलायला ताकद नव्हती, तिथे कुमुद कशी उचलशील? रडायला ताकद लागते. तुझं रडणं राहूनच गेलंय. परवा गुणगुणलीस ते बरोबर आहे, अंगात जीव आला की आधी हलकंफुलकंच होतं. पुढचं आता येईल. पण त्याला ही लागणार."

मग सर अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "आणि मलाही ते जमत नाही. या घरात ते खातं पहिल्यापासून तुझ्याकडे आहे. मी नुसता वाट बघतोय. कुमुदसाठी कोणीतरी नीट रडायला नको का?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग हात पुढे केला. "द्या ते इकडे. आणि आता बोलू नका."

त्यांनी गोळी घेतली. सर खरंच बोलले नाहीत. फुलपात्र घेऊन बाहेर गेले. मी मागोमाग गेले तर स्वयंपाकघरात ते रिकामं फुलपात्र पुन्हा पुन्हा विसळत उभे होते.

पुढच्या रविवारी मी कर्वेनगरला गेले. लूना लावली आणि जिन्याखालीच थबकले. वरून रडण्याचा आवाज येत होता, तोच, थंडीतल्या त्या सकाळचा. शेजारच्या बाई दारात येऊन कान देऊन उभ्या होत्या. "काय झालं हो?" त्यांनी विचारलं. मी धावतच वर गेले. दार उघडं होतं. कुमुदताईंच्या खोलीचं दार लोटलेलं, आणि बाहेर सर खुर्ची टाकून बसलेले, डोळे मिटून, एखाद्या मैफिलीला बसावं तसे.

"काय झालं, सर?"

"सकाळी कुमुदचं कपाट उघडलं तिने. साड्या काढल्या. तेव्हापासून चाललंय." त्यांनी बोट वर केलं. "ऐका. मधे दम खायला थांबत नाहीये. दाब उत्तम असणार."

माझा संयम संपला. "सर, अहो, त्या आत एकट्या रडताहेत आणि तुम्ही बाहेर बसून दाब काय मोजताय? आत जा. जवळ बसा त्यांच्या."

"जाऊ?" त्यांनी डोळे उघडले. ते लाल होते. "मला वाटलं, तिला व्यत्यय होईल."

"जा!"

ते उठले. दाराच्या कडीवर हात ठेवला आणि मागे वळले.

"कुकर लावलाय. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. एवढं रडल्यावर तिला भूक लागणार."

आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

शिट्ट्या झाल्या. मी गॅस बंद केला, पानं घेतली, लोणच्याची नवी बरणी काढून ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. दुपार कलायला आली तेव्हा काकू बाहेर आल्या. डोळे सुजलेले, केस सुटलेले, खांद्यावर कुमुदताईंची जांभळी साडी. त्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "वाढ गं. फार भूक लागलीय."

सर त्यांच्या मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर ते होतं, ते 'सांगितलं नव्हतं का?' मी भाताचं भांडं त्यांच्यासमोर जरा जोरातच आदळलं.